सरांचं पत्र मी सुधारलं

माझ्या हाताला चव नाही, हे आमच्या घरात सासूबाईंपासून लेकीपर्यंत सगळ्यांनी एकमताने मान्य केलेलं आहे. पण माझ्या हातचं इंग्रजी पत्र मात्र अमेरिकेत नावाजलेलं होतं. म्हणजे अमेरिकेत असं मी म्हणते. खरं तर पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरांमधल्या एका विद्यापीठाच्या गावात, आणि त्यातही कॅम्पस बसच्या एकाच मार्गावरच्या तीन अपार्टमेंट इमारतींमध्ये.

नवऱ्याला तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा मी सोलापूरची शाळेतली नोकरी सोडून त्याच्या मागोमाग गेले. माझ्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. पंधरा वर्षं मुलांचे इंग्रजी निबंध तपासलेल्या बाईला अचानक कोणीच निबंध दाखवेना, तर तिची काय अवस्था होते ते मला विचारा. टपालात येणाऱ्या जाहिरातींमधल्या चुका मी लाल पेनने दुरुस्त करायला लागले होते. नवऱ्याने एकदा तसला कागद पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या विभागातल्या एका मराठी मुलाला घरी घेऊन आला.

"याचं स्टेटमेंट ऑफ पर्पज बघ जरा," म्हणाला. "नाहीतर उद्या तू रस्त्यावरच्या पाट्या तपासत फिरशील."

तिथून माझी प्रॅक्टिस सुरू झाली. एकेका अपार्टमेंटमध्ये चौघं-चौघं राहणारी मुलं शनिवारी यायची, माझे पोहे तक्रार न करता खायची (यावरून त्यांची गरज लक्षात यावी) आणि "काकू, एवढं बघा ना" म्हणून कागद पुढे करायची. आधी हे प्रवेशाचे निबंध आले, मग शिफारसपत्रं. कोणाला दुसऱ्या विद्यापीठात पीएच.डी.ला जायचं असायचं, कोणाच्या धाकट्या भावाला पुण्याहून इकडे यायचं असायचं. आपल्याकडची रीत तर ठाऊकच आहे. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." सर तरी काय करतील, वर्गात साठ मुलं आणि प्रत्येकाला आठ-आठ विद्यापीठांची पत्रं हवीत. मग मुलगा स्वतःबद्दल 'हा असामान्य बुद्धिमत्तेचा विद्यार्थी आहे' असं लिहायला लाजतो, आणि लाजून झालं की माझ्याकडे येतो. मी लाजत नसे. आमच्या बसमार्गावरचा एकही मुलगा माझ्या पत्रात वर्गात पाचव्या नंबरच्या खाली कधी गेला नाही.

"आई, धिस इज चीटिंग," आमची लेक एकदा म्हणाली. ती तेव्हा सातवीत होती आणि तिथल्या शाळेत त्यांना असलं काहीबाही फार शिकवत.

"चीटिंग नाही, मदत आहे. सही सरांचीच असते ना?"

"देन व्हाय डोन्ट दे राइट इट?"

मी तिला दूध प्यायला सांगितलं.

ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. 'ती' म्हणजे लेक नव्हे. जिच्याबद्दल हे लिहायला बसले ती. आफ्रिकेतल्या मलावी देशातली, तिशीची, बोलायला सावकाश. तिकडच्या शेतकी कॉलेजात शिकवायची आणि बिनपगारी रजा घेऊन एम.एस. करायला आली होती. आमची ओळख शेंगदाण्यांवरून झाली. दाणे भाजायला घेतले की आमच्या घरातला धुराचा अलार्म कोकलायला लागे, म्हणून मी दार उघडं ठेवून भाजत होते. ती जिन्यावरून जाता जाता थांबली आणि ताटलीतल्या दाण्यांकडे बघत राहिली. मला वाटलं हवे असतील, म्हणून मी मूठभर पुढे केले.

"हे कोणी निवडले?" तिने विचारलं.

"दाणे कशाला निवडायचे? तांदूळ आहेत का?"

ती सरळ आत आली, टेबलाशी बसली आणि ताटलीतून सात-आठ दाणे वेगळे काढले. बारके, सुरकुतलेले, टोकाशी करडे पडलेले. "हे खाऊ नका. यात बुरशी आहे. हिचं विष भाजून जात नाही."

चाळीस वर्षं दाण्याचं कूट खाल्लेली मी, तिच्यासमोर विद्यार्थिनी होऊन बसले. तिच्या गावाकडे बायका चांगले दाणे निवडून बाजारात विकतात आणि खराब निघालेले घरात ठेवतात. टाकवत नाहीत म्हणून त्यांचं कूट करतात. ते पालेभाजीत पडतं, लहान मुलांच्या पेजेत पडतं. कुटात खराब-चांगलं काही दिसत नाही. शेंगा काढल्यावर कशा सुकवल्या, कशा साठवल्या म्हणजे ती बुरशी धरणार नाही, आणि तेही गावातल्या बाईला जमेल अशा पद्धतीने, हे तिला शोधायचं होतं. एम.एस.मध्ये निम्मं झालं होतं. उरलेलं पीएच.डी.त करायचं होतं.

त्यानंतर ती येत राहिली. मुलांचं ऐकून तीही मला 'काकू' म्हणायला लागली. आमच्या घरात दाणे निवडायची जबाबदारी तिच्याकडे गेली आणि कूट, माझ्या हातचं असूनही, बरं लागायला लागलं.

तिची एम.एस.ची शिष्यवृत्ती त्या मे महिन्यात संपणार होती. पुढे एकच दार होतं. आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांना परदेशात पुढचं शिक्षण घेता यावं म्हणून एक संस्था शिष्यवृत्ती द्यायची. सगळ्या खंडातून मोजकी माणसं घ्यायची आणि अट अशी, की शिक्षण झालं की परत जाऊन आपल्या देशातच काम करायचं. ही अट ऐकून आमची शनिवारची मुलं हळहळली. "अरेरे, मग काय उपयोग यार," एकजण म्हणाला. तिला ती अट वाटतच नव्हती. "परत नाही गेले तर मी शेंगदाणे कोणाचे तपासू?" ती म्हणाली. शिष्यवृत्ती मिळाली तर चार वर्षं; नाही मिळाली तर व्हिसा संपला, आणि कॉलेज दुसऱ्यांदा रजा देणार नव्हतं. काम अर्धवट ते कायमचंच अर्धवट.

अर्जाला तीन शिफारसपत्रं लागत. दोन इथल्या प्राध्यापकांनी परस्पर पाठवली. तिसरं तिच्या तिकडच्या सरांचं हवं होतं. सर निवृत्त होऊन गावी राहत होते. संस्थेला पत्र टाइप केलेलं हवं, आणि सरांच्या गावात टाइप करायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी हाताने पत्र लिहून तिला टपालाने पाठवलं: तिकडे टाइप करून माझ्या पुतण्याच्या ऑफिसात ईमेल कर, मी शहरात जाऊन सही करतो आणि तिथूनच संस्थेला पाठवतो. त्याच आठवड्यात तिचा प्रबंध द्यायचा होता. ती घाईघाईने खाली आली, पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "काकू, एवढं टाइप करून द्याल?"

एवढंच म्हणाली होती. टाइप करून द्याल का.

निळ्या शाईतलं, एका पानाचंसुद्धा नाही असं पत्र. सरांनी लिहिलं होतं, की मी हिला चार वर्षं शिकवलं. ती वेळेवर येई. वर्गात फार बोलत नसे. एकदा हिचा एक प्रयोग बरोबर आला आणि मी गुण दिले. तरी सुट्टीत थांबून हिने तो पुन्हा केला, कारण हिचा स्वतःचा त्या उत्तरावर विश्वास नव्हता. दुसऱ्या वेळी उत्तर वेगळं आलं. हिने मला येऊन सांगितलं. मी गुण कमी केले. हिला पुढे शिकवावं असं मला वाटतं.

मी कपाळाला हात लावला. हे शिफारसपत्र? 'गुण कमी केले' असं कोणी शिफारसपत्रात लिहितं? मला त्या सरांची कीव आली. साधा माणूस, जगात कुठे काय चाललंय याची कल्पना नाही, पोरीचं नुकसान करून बसेल. मी खुर्ची पुढे ओढली आणि तासाभरात दीड पान लिहून काढलं. 'माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनातली सर्वोत्तम विद्यार्थिनी.' 'असामान्य नेतृत्वगुण.' 'सहाध्यायांसाठी प्रेरणास्थान.' वेळेवर येण्याचं वाक्य ठेवलं, पण त्याला 'अतुलनीय शिस्त' केलं. प्रयोगाचं अख्खं काढून टाकलं.

संध्याकाळी तिने ते उभ्याउभ्याच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

"काकू, हे सरांचं नाही."

"सरांचंच आहे. मी फक्त इस्त्री केली."

"ते असं बोलत नाहीत."

"पत्रात कोण बोलल्यासारखं लिहितं, अगं? त्यांना इथली स्पर्धा माहीत नाही. आमची सगळी मुलं अशाच पत्रांवर आली आहेत. एकाचंही अडलं नाही."

"प्रयोगाचं का काढलंत?"

"त्यात तू चुकलेली दिसतेस. वर गुण गेलेले."

ती पत्राची घडी करत राहिली, उलगडत राहिली. शेवटी मी विचारलं, "माझ्यावर विश्वास आहे ना?" हा प्रश्न विचारणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं, एवढं शहाणपण मला आता आलं आहे. तिला तेव्हा कुठून असणार? तिने पत्र पाठवलं. सरांनी सही केली. आपल्या विद्यार्थिनीने आपलंच पत्र टाइप करून घेतलंय म्हटल्यावर ते कशाला वाचतील?

एप्रिलमध्ये तिला बोलावणं आलं. संस्थेचे दोघं जण विद्यापीठात येणार होते आणि तिला भेटणार होते. आम्हाला वाटलं, मुलाखत. मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली आणि सोबतही गेले, जणू काही मीच वधूपक्ष. बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसले. वीस मिनिटांनी ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

"त्यांनी सरांना फोन केला होता," ती म्हणाली. "नेतृत्वगुणांबद्दल विचारायला. उदाहरण द्या म्हणाले."

"मग?"

"सर म्हणाले, मी असं काही लिहिलेलं नाही. माझ्याकडे हिच्याहून हुशार विद्यार्थी होऊन गेलेत."

दही-साखरेचा तिचा हात अजून चिकट असेल, असं काहीतरी वेडगळ माझ्या मनात आलं.

"आत्ता त्यांनी विचारलं, पत्र कोणी लिहिलं."

"तू काय सांगितलंस?"

"मी लिहिलं म्हणून सांगितलं."

"मी जाऊ का आत?" मी म्हटलं. "सांगते त्यांना."

पाहुणे चपला घालून दारात उभे असताना आपण "जेवूनच गेला असतात" म्हणतो ना, त्या सुरात म्हटलं. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. तिला तो सूर कळला असावा. "नको," ती म्हणाली, आणि मी लगेच पर्स खांद्याला लावली.

अर्ज बाद झाला. स्वतःची बाजू लेखी मांडायची असेल तर दोन आठवड्यांत मांडा, असं कळवलं होतं.

घरी येऊन मी नवऱ्यासमोर सरांचं मूळ पत्र ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्याने वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"हे प्रयोगाचं तू काढलंस?"

"त्यात तिचे गुण गेले होते."

"अगं, आमच्याकडे अर्जांचा ढीग येतो. सगळे सर्वोत्तम, सगळे प्रेरणास्थान. त्यात असं एक वाक्य सापडलं तर आम्ही ती फाईल उचलून वेगळी ठेवतो. हातात आलेले गुण सोडायला कोण जातं?"

"मग इतकी वर्षं मी पत्रं लिहिते, तेव्हा का नाही बोललास?"

"तुला विरंगुळा होता," तो म्हणाला. "आणि ती पत्रं कोण वाचतंय."

हे शेवटचं वाक्य मला जास्त लागलं, आणि ते खरं असावं. त्याच आठवड्यात माझ्या पत्रांवरची चार मुलं पेढे घेऊन आली; चौघांनाही हवं तिथे प्रवेश मिळाला होता. त्यांच्या सरांना कोणीही फोन केला नव्हता. आमच्याकडचं कौतुक तिथे कोणी मुळात खरं धरतच नसणार, चहातल्या साखरेसारखं गृहीत धरत असणार. तिच्या सरांचं पत्र कोणीतरी खरं धरलं, म्हणून तर फोन केला.

मी ठरवलं, आपण लिहायचं. पत्र मी लिहिलं, तिला नको होतं, मी आग्रह केला. नवरा म्हणाला, "लिही. फक्त जरा जपून. ग्रीन कार्डचं चाललंय आपलं." त्याच्या बोलण्यातला 'जपून' तेवढा मी उचलला. पहिल्या दिवशी माझं पत्र तीन वाक्यांचं होतं. मग मी ते सुधारायला घेतलं. मला दुसरं येतं काय? दुसऱ्या दिवशी 'आग्रह' जाऊन 'सुचवलं' आलं. चौथ्या दिवशी 'भारतातील शैक्षणिक परंपरा' आली. सहाव्या दिवशी 'सांस्कृतिक भिन्नता' आणि 'निखळ सद्हेतू' आले. नवव्या दिवशी पत्र दीड पानाचं, गुळगुळीत झालं होतं, आणि ते वाचणाऱ्याला नेमकं चुकलं कोण हे शोधायला दुर्बीण लागली असती.

ते घेऊन मी वर गेले. ती पुस्तकं खोक्यांत भरत होती. तिने पत्र दोन्ही बाजूंनी वाचलं.

"फार छान लिहिलंय, काकू," ती म्हणाली. "तुमची बाजू अगदी नीट आली आहे."

टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. ती मनापासून म्हणत होती. विद्यार्थ्यांचे पेपर तपासणारी बाई होती, जे चांगलं उतरलंय त्याला चांगलं म्हणत होती. तिने पत्र परत दिलं; ते माझ्याकडेच राहिलं. स्वतःचं पत्र तिने पाच दिवसांपूर्वीच पाठवून दिलं होतं. चार ओळींचं. त्यात माझा उल्लेख नव्हता. त्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं: निर्णय कायम, आणि या संस्थेकडे पुन्हा अर्ज करता येणार नाही.

"आणखी शिष्यवृत्त्या असतात," मी म्हटलं. "आपण शोधू."

"आपण?" ती म्हणाली. तेवढंच.

मे महिन्यात आम्ही तिला विमानतळाच्या बसपर्यंत सोडायला गेलो. लेकीला यायचं नव्हतं. तिने मला कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नवरा सामान बसच्या पोटात ठेवत होता. आम्ही दोघी बाजूला उभ्या होतो आणि मला सारखं वाटत होतं, की आता ती काहीतरी बोलेल. रागावेल तरी, नाहीतर जाऊ दे म्हणेल.

"उतरल्यावर आधी सरांकडे जाणार आहे," ती म्हणाली.

"घरी नाही?"

"आधी सर. त्यांच्या पुतण्याची ईमेल आली. सर नीट जेवत नाहीत म्हणे. सगळ्यांना सांगत बसतात, फोनवर नुसतं 'हो' म्हणायचं होतं, एवढं मला जमलं नाही, पोरीचं माझ्यामुळे गेलं."

मी त्या माणसाला पाहिलेलं नाही. तरी गावातल्या एखाद्या घरासमोर खुर्ची टाकून बसलेला, फोनवर खरं बोलल्याबद्दल स्वतःला दोष देणारा म्हातारा मला त्या पार्किंग लॉटमध्ये स्पष्ट दिसला. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"मी त्यांना पत्र लिहू का?"

ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली, अगदी खांदे हलेपर्यंत. "नको, काकू. पत्र नको."

"मग काय सांगशील त्यांना?"

"चूक माझी होती म्हणून. मी वाचलं होतं आणि तरी पाठवलं."

"आणि माझं काय सांगशील?"

तिने विचार केला. "तुमचं सांगितलं तर ते विचारतील, त्या कोण? मी म्हणेन, खालच्या मजल्यावरच्या. मग ते म्हणतील, खालच्या मजल्यावरच्या बाईंना माझं पत्र का दिलंस? म्हणजे फिरून माझ्यावरच येणार." तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. "तुमचं नाहीच सांगणार."

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. त्या म्हाताऱ्याचं जेवण तुटलं होतं, तिचं अख्खं काम तुटलं होतं, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका गावात आपलं नाव निघणार नाही याचं मला बरं वाटत होतं. मी तिला मिठी मारली. तिनेही मारली, जेवढी मारायची पद्धत आहे तेवढी. बसचं दार मिटलं. काचेतून ती पुढच्या सीटकडे बघत होती.

गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हटलं. "राग नाहीये तिच्या मनात."

तिने तसं काही म्हटलं नव्हतं.